आतषबाजीस मैदान हवे

अंबरनाथ स्थानकाबाहेर पश्चिमेस येऊन रिक्षावाल्याला ‘विम्को नाका’ एवढे दोन शब्द सांगितले की तो अधिक चौकशी न करता रिक्षा सुरू करतो. परंतु ज्या कारखान्यावरून या नाक्याला हे नाव पडले त्या कारखान्यात काय तयार होत असे, हे आजच्या पिढीतील किती जणांस सांगता येईल याची शंकाच आहे. स्वीडनमधील काडेपेट्यांच्या बलाढ्य व्यापारी संघाने १९२३ साली हिंदुस्थानात ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ स्थापन केली आणि मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या गावी तिचा कारखाना उभा राहिला. त्या संघाचा सूत्रधार इव्हार क्रूगर हा ‘काड्यांचा राजा’ म्हणून जगभर गाजला. त्याने अनेक सरकारांना कर्जे देऊन त्यांच्याकडून काडेपेट्यांचा मक्ता पदरात पाडून घेतला, आणि १९३२ च्या मार्च महिन्यात पॅरिस येथे त्याने आपल्याच हाताने आपला शेवट केला, तेव्हा कुठे त्याच्या साम्राज्याचा पोकळपणा लोकांच्या ध्यानी आला. कारखाना पुढे बंद पडला. नाव तेवढे नाक्याला चिकटून राहिले.

या कारखान्यातून जी वस्तू घरोघरी गेली तिची रचना मोठी विचार करण्याजोगी आहे. आरंभीच्या काड्यांत सर्व ज्वालाग्राही द्रव्ये गुलातच असत, आणि म्हणून त्या काड्या खिशात घासल्या तरी पेट घेत. १८४४ साली गुस्ताव्ह एरिक पाश या स्वीडिश रसायनज्ञाने त्यांतील फॉस्फरस काडीवरून काढून पेटीच्या कडेवर नेला, पोटॅशियम क्लोरेट गुलातच राहू दिले, आणि यॉन्शॉपिंगच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी ती युक्ती पुढे कारखानदारीत उतरवली. एकत्र आली असता भडकणारी दोन द्रव्ये बोटभर अंतरावर ठेवावयाची, आणि माणसाने बुद्धिपुरस्सर ती एकमेकांवर घासल्याखेरीज त्यांची गाठ पडू द्यावयाची नाही, एवढाच त्या शोधाचा मथितार्थ. दाहक वस्तूंच्या बाबतीत सुरक्षितता म्हणजे अंतर, हे तत्त्व इतक्या स्वल्प जागेत क्वचितच कोणी सिद्ध करून दाखविले असेल.

दिवाळी तोंडावर आली की आतषबाजीविषयी जे वादविवाद रंगतात त्यांत धर्म, संस्कृती, पर्यावरण, मुक्या जनावरांविषयी अनुकंपा असे सर्व विषय येतात. येत नाही तो हा अंतराचा विषय. वस्तुतः शोभेच्या दारूसंबंधी आजवर जेवढे कायदेकानू झाले, ते सारे बारकाईने पाहिले असता अंतराचेच कायदे आहेत: दुकानाचे घरापासूनचे अंतर, फटाक्याचे कानापासूनचे अंतर, आवाजाच्या वेळेचे झोपेच्या वेळेपासूनचे अंतर. आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या एकमेकांस खेटून वाढलेल्या तीन नगरांत आज कशाची चणचण असेल, तर ती नेमकी अंतराची आहे. म्हणून गल्लीबोळांतील दारूकाम हळूहळू बंद करून ते मोकळ्या मैदानात, जाणत्या हातांकडे सोपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हा विचार नवा नाही. उलट आपल्याकडची जुनी वहिवाट तीच होती.

या वहिवाटीचा इतिहास ज्यांनी साधार लिहिला ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे. हिंदुस्थानातील आतषबाजीच्या सुमारे पाचशे वर्षांच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी प्रबंध १९५३ साली बंगळूरच्या एका संस्थेने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला. तो वाचल्यावाचून या विषयावर तावातावाने बोलणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे, हे ओघाने आलेच. गोडे यांनी दाखविले ते असे की, तैमूरवंशी सुलतान शाहरुख याचा वकील अब्दुर रझ्झाक १४४३ साली विजयनगरास आला असता तेथील महानवमीच्या उत्सवात त्याने दारूचे खेळ पाहिले. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव, ज्याची कारकीर्द १४९७ ते १५३९ अशी आहे, त्याच्या नावावर असलेल्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथात सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाच्या कृती आहेत. आणि सोळाव्या शतकात आपल्या एकनाथ महाराजांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले त्यात लग्नसोहळ्याच्या वर्णनात दारूकामही आले. श्रीकृष्णाच्या काळी दारू नव्हती हे नाथांना ठाऊक नसेल असे मानण्याचे कारण नाही. आपल्या काळच्या थाटामाटाच्या लग्नात जे दिसत असे तेच कवीने श्रीकृष्णाच्या लग्नात मांडले, आणि त्यामुळेच त्या काळच्या रिवाजाचा हा पुरावा आपल्या हाती लागला. चीनमध्ये शोधली गेलेली ही विद्या येथे कोणत्या वाटेने आली याची चर्चा पंडितांनी करावी. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, दिव्यांची दिवाळी कितीतरी जुनी आणि दारूची दिवाळी त्या मानाने अलीकडची आहे.

आणखी एक गोष्ट या सर्व उल्लेखांत समान आहे. दारूकाम करणारा वेगळा, आणि पाहणारा वेगळा. शिवछत्रपतींच्या राज्यकारभारात अठरा कारखान्यांपैकी एक दारूखाना असे, आणि दारू ही सरकारी बंदोबस्तात ठेवावयाची जिन्नस मानली जाई; ती हरकोणी उठून दारापुढे पेटवावी ही कल्पनाच त्या काळास मानवली नसती. महादजी शिंदे १७९२ साली उत्तरेतून पुण्यास आले, तेव्हा त्यांनी सवाई माधवरावांस कोट्याच्या दिवाळीची हकीकत सांगितली, अशी नोंद पेशव्यांच्या बखरीत आहे. कोट्याचा राजा चार दिवस शहराबाहेर दारूची लंका उभारी. त्यात रावण असे, राक्षस असत, आणि दारूने भरलेला प्रचंड मारुती शेपटीला आग लागताच उड्डाण करून ती लंका जाळून टाकी. जेमतेम अठरा वर्षांच्या पेशव्यास हे ऐकून तसेच दारूकाम पाहण्याची इच्छा झाली नसती तरच नवल. त्याने हुकूम केला, जिनगर-कारागीर कामास लागले, आणि पर्वतीच्या पायथ्याशी मोकळ्या रानात, अंधाऱ्या रात्री, पुण्याच्या रयतेने ती लंका जळताना पाहिली.

येथे क्षणभर थांबण्याजोगे आहे. हौस पेशव्याची, खर्च सरकारचा, कसब कारागिरांचे, आनंद साऱ्या पुण्याचा. आणि जागा कोणती निवडली? शनिवारवाड्याचे अंगण नव्हे, बुधवार-शनिवारातली एखादी आळी नव्हे, तर गावकुसाबाहेरचा टेकडीचा पायथा. गवताची शाकारणी आणि लाकडी वाडे यांनी भरलेल्या पुण्यास आगीचे भय काय असते ते त्या लोकांस पुरते ठाऊक होते. आपल्यापाशी अग्निशमन दलाचे बंब आहेत म्हणून आपण ते विसरलो, एवढाच काय तो फरक.

या जुन्या रिवाजाचा अवशेष आजही महाराष्ट्रात जिवंत आहे. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात कवठे एकंद या गावी विजयादशमीच्या रात्री सिद्धराज महाराजांच्या पालखीपुढे रात्रभर दारूकाम चालते. गावातली मंडळे आपापली शोभेची दारू महिनोगणती तयार करतात, आणि ती पाहावयास दूरदूरहून लोक जमतात. हे कौशल्य वंशपरंपरेने आलेले आहे. तरीसुद्धा त्याच गावातील एका फटाक्यांच्या कारखान्यात मे २०१५ मध्ये स्फोट होऊन अनेक कामगार जिवास मुकले. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हात मुरलेले आहेत तेथे ही कथा, मग ज्याचा या द्रव्याशी संबंध वर्षातून चार दिवस येतो त्याने किती सावध असावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

दारू मैदानातून गल्लीत केव्हा आली याचे उत्तर पुन्हा आपल्याला काडेपेटीजवळ आणून सोडते. १९२०-३० च्या सुमारास जेव्हा अंबरनाथचा कारखाना यंत्रावर काड्या करू लागला, त्याच सुमारास दूर तमिळ मुलखातील शिवकाशी या दुष्काळी गावचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोघे भाऊबंद काडेपेटीचा धंदा शिकण्यासाठी कलकत्त्यास गेले, आणि परत येऊन त्यांनी हाताने काड्या बनविण्याचे छोटे उद्योग काढले. स्वीडिश भांडवल आणि नाडारांचा घरगुती हातउद्योग यांची ती स्पर्धा अनेक दशके चालली. काड्या करता करता हे लोक फटाक्यांकडे वळले. १९४० मध्ये स्फोटकांचे सविस्तर नियम जारी होऊन परवान्याची पद्धत बसली, दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी मालाची आवक थांबली, आणि शिवकाशीचे नशीब फळफळले. आज देशातला बहुतेक फटाका तेथूनच येतो. तो इतका स्वस्त झाला की जी गोष्ट राजाने एकदा करावयाची आणि रयतेने पाहावयाची, ती प्रत्येक घरातल्या पोराच्या हाती आली. याला मी लोकशाहीचा विजय म्हणावयास तयार आहे. मात्र ही लोकशाही ज्या घरांत आली ती घरे कोठे आहेत हेही पाहावयास हवे.

उल्हासनगराचा जन्मच मुळी दाटीत झाला. महायुद्धाच्या काळात सैन्यासाठी बांधलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून उन्मळून आलेली कुटुंबे आणून वसविली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. शिपायांनी रांगेने निजावे म्हणून बांधलेल्या बराकींत पडदे लावून संसार थाटले गेले, आणि त्या संसारांतून फर्निचर, कपडे, मिठाई, जीन्स यांचे उद्योग उभे राहिले, ही पराक्रमाचीच कथा आहे. परंतु बराकीच्या जागी मजल्यावर मजले चढले, कॅम्प एक ते पाच ही नावे मात्र पत्त्यांत तशीच राहिली, आणि सुमारे १३ चौरस किलोमीटरांत २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोक राहू लागले. अंबरनाथेत तेव्हा अडीच लाख आणि बदलापुरात पावणेदोन लाख वस्ती नोंदली गेली. त्यानंतर या दोन्ही गावांत किती इमारती उठल्या हे लोकलच्या दारात उभे राहून कोणासही दिसेल.

याच उल्हासनगरात दिवाळीपूर्वी फटाक्यांची खरेदी करण्यास आसपासच्या गावांतून झुंबड उडते. एखाद्या अरुंद दुकानापुढे क्षणभर उभे राहून पाहावे. आतल्या मांडण्यांवर छतापर्यंत खोकी रचलेली. पुढच्या फळीवर फुलबाज्यांची पाकिटे, भुईचक्रे, भुईनळे, लवंगी माळा, हिरव्या सुतळीने आवळलेले ओबडधोबड बॉम्ब. रॉकेटांच्या काड्यांची टोके ग्राहकांच्या खांद्यास लागत असतात, वरून उघड्या तारेचा दिवा लोंबतो, आणि मालाची बोली करता करता एखादा गिऱ्हाईक तोंडातली विडी चपलेखाली चिरडतो. दुकानदार हसून त्यास हटकतो, परंतु हटकतो ते विडी विझल्यावर. वरच्या मजल्यावर त्याच वेळी कोणी कुटुंब सिंधी रिवाजाप्रमाणे मातीची हटडी मांडून लक्ष्मीपूजनाच्या तयारीत असते.

आता कायदा पाहा. १८८४ च्या स्फोटक अधिनियमाखाली केलेले २००८ चे नियम सांगतात की, हंगामी फटाका-दुकानांच्या शेड न जळणाऱ्या साहित्याच्या असाव्यात, दोन दुकानांत निदान ३ मीटर अंतर असावे, दुकाने समोरासमोर नसावीत, वस्ती व तत्सम संरक्षित बांधकामांपासून ती ५० मीटर दूर असावीत, एका ठिकाणी पन्नासांहून अधिक दुकाने नसावीत, आणि आत उघडी ज्योत वा लोंबते दिवे बिलकुल नसावेत. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मालेगावातून आलेल्या एका याचिकेवर, निवासी वस्तीत फटाका विक्रीचे परवाने देऊ नयेत असे बजाविले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला औरंगाबादेत जिल्हा परिषदेच्या मैदानावर भरलेला फटाका बाजार भर दिवसा पेटला. शंभराहून अधिक दुकाने आणि कितीतरी वाहने जळून कोळसा झाली. ते निदान मैदान होते; लोकांना पळावयास चारही दिशा मोकळ्या होत्या. तीच ठिणगी वस्तीतल्या बाजारात पडली असती तर पळणाऱ्यांनी पळावे कोठे? नियम कागदावर आहेत, दप्तरे भरलेली आहेत, परवान्यांच्या नकला दुकानांत काचेच्या चौकटीत लावलेल्या आहेत. तीन मीटर आणि पन्नास मीटर ही अंतरे तेवढी चौकटीबाहेर मोजावयाची राहून जातात.

खरेदी झाल्यावर हा माल घरी जातो कसा, हे तर आणखी चिंताजनक आहे. संध्याकाळच्या कर्जत किंवा बदलापूर लोकलमध्ये विठ्ठलवाडी-उल्हासनगरला चढणारे लोक डोक्यावर, काखेत, मांडीवर फटाक्यांच्या पिशव्या घेऊन उभे असतात. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या १६४ व्या कलमान्वये धोकादायक वस्तू अशा रीतीने गाडीतून नेणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र अपराध आहे, हे त्यांतील बहुतेकांस ठाऊकच नसते, आणि ज्यास ठाऊक असते तो पिशवीवर एक साडीचे खोके ठेवतो. पाय ठेवावयास जागा नसलेल्या डब्यात, दोन स्थानकांच्या मध्ये, ती पिशवी पेटली तर काय होईल हे येथे लिहिण्याची गरज नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या ग्राहकाने माल आपल्याच गावी, मैदानातल्या परवानाधारक दुकानातून घ्यावा आणि लोकलमध्ये पिशवी चढवूच नये, एवढा एक निर्बंध जरी आपण स्वतःवर घातला तरी मोठे काम होईल.

आता घरापुढच्या जागेकडे वळू. फटाक्याच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा, म्हणजे १२५ डेसिबल, ही फटाक्यापासून ४ मीटरांवर मोजावयाची असते. ज्या गल्लीची रुंदीच तेवढी नाही, तेथे दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतील तान्ही मुले आणि वृद्ध माणसे या मर्यादेच्या अलीकडेच बसलेली असतात. कायद्याने त्यांच्या कानांचा विचार केलाच नाही, कारण इतक्या जवळ कोणी घर बांधील असे कायदा करणाऱ्यास वाटले नसावे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाच्या फटाक्यांस मज्जाव केला, २०१८ साली दिवाळीत रात्री आठ ते दहा एवढीच मुभा ठेवून बेरियमचे क्षार आणि लांबलचक माळा यांवर बंदी घातली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची हवा बिघडलेली पाहून मुंबई उच्च न्यायालयाने तीच आठ ते दहाची मुदत आपल्यालाही, म्हणजे बदलापूरपर्यंतच्या सर्वांना, लागू केली. या हुकुमांची अंमलबजावणी किती झाली ते ज्याच्या त्याच्या कानांनी ऐकलेले आहे.

धूर हा आवाजाहून कपटी आहे, कारण तो सभ्यपणे वागतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली निरनिराळे फटाके जाळून त्यांच्या धुरातील सूक्ष्म कणांचे मापन केले, तेव्हा सर्वांत दोषी ठरली ती नागगोळी. ही काळी, औषधाच्या गोळीएवढी वस्तू आईबाप निःशंकपणे चार वर्षांच्या मुलाच्या स्वाधीन करतात. तिच्यात आवाज नाही, ठिणगी नाही. ती पेटविली की पिवळसर धुराचा लोट उठतो आणि राखेचा नाग वळवळत बाहेर येतो, आणि तो नाग डोळे भरून पाहावयास मूल उकिडवे बसून तोंड अगदी खाली नेते. त्या क्षणी त्याच्या नाकाशी हवेच्या एका घनमीटरात ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत सूक्ष्म कण असू शकतात, असे त्या मापनात आढळले. चोवीस तासांच्या सरासरीची आपली शासकीय मर्यादा ६० आहे. भुईनळ्याचा आकडा त्या मानाने ४,८६० होता. तेव्हा आवाज नाही म्हणून निरुपद्रवी हा हिशेब चुकीचा आहे, आणि यंदा दुसरे काही न जमले तरी नागगोळ्यांचे पाकीट घरात आणू नये. त्यातून आपले हे खोरे: एका अंगास मलंगगड, दुसऱ्या अंगास बारवीकडचे डोंगर, मध्ये उल्हास आणि वालधुनी, कार्तिकातल्या गार रात्री हवा तळाशी बसते, आणि औद्योगिक वसाहतींच्या वासाने आधीच जड झालेली ती हवा दिवाळीचा धूर सकाळपर्यंत उशाशी घेऊन निजते.

‘हरित फटाके’ हा यावरचा सरकारमान्य तोडगा. तो नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, काढला, आणि त्यास मान्यता देणारी स्फोटक सुरक्षा संघटनाही नागपुरातच आहे, म्हणजे हा सर्व व्यवहार महाराष्ट्राच्या भूमीवरूनच चालतो. या फटाक्यांत धूलिकण सुमारे तीस टक्के कमी असतात, आणि खोक्यावर नीरीचे चिन्ह व क्यूआर कोड असतो. घ्यावयाचेच असतील तर तेच घ्यावेत, हे मान्य. परंतु तीस टक्के कमी म्हणजे सत्तर टक्के शिल्लक, आणि हरित फटाक्याने बोट भाजत नाही असे नीरीनेही कोठे म्हटलेले नाही. रस्त्यावर पोत्यातून, खोक्यावाचून विकला जाणारा स्वस्त माल तर डोळे झाकून नाकारावा. क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण नुसत्या घर्षणानेही भडकते, आणि म्हणूनच जानेवारी १९९२ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. मुभा राहिली ती काडीच्या गुलास आणि मुलांच्या टिकल्यांस. बिननावाच्या मालात काय भरले आहे याची ग्वाही कोणी देत नाही.

एवढे सांगूनही दारात चार फुलबाज्या उडणारच, हे मी जाणतो, आणि त्यांस माझी हरकतही नाही. मात्र फुलबाजीची तार हजार अंशांच्या वर तापते, आणि ती विझल्यावर काळी दिसते म्हणून गार झाली असे अनवाणी धावणाऱ्या मुलास वाटते. तेव्हा पाण्याची बादली शेजारी ठेवून प्रत्येक तार तिच्यात बुडवावी. दिवाळीचे नवे नायलॉनचे, जरीचे कपडे लक्ष्मीपूजनापुरते ठेवून फटाक्यांच्या वेळी अंगास बसते सुती कापड घालावे, कारण कृत्रिम धागा पेटल्यावर वितळून कातडीस चिकटतो. वात लावावयास लांब उदबत्ती घ्यावी, वाकून तोंड फटाक्यावर नेऊ नये, आणि फुसका निघालेला बॉम्ब पाहावयास पुन्हा जाऊ नये. हाताची बोटे आणि डोळे जातात ती बहुधा या दुसऱ्या फेरीत. भाजल्यास हळद, शाई, टूथपेस्ट यांतले काहीही न लावता वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे. डोळ्यास इजा झाली तर तो चोळू नये, स्वच्छ कापडाने झाकून नेत्रवैद्याकडे न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अग्निशमनासाठी १०१ हे क्रमांक त्या रात्री घरातल्या थोरल्या मुलासही पाठ असावेत. भाजलेल्यांसाठीचे स्वतंत्र रुग्णालय आपल्यास ऐरोलीला आहे, आणि दिवाळीच्या रात्री तिथवरचा रस्ता लांब असतो.

दारूकाम मैदानात न्यावे या मतावर आक्षेप येतील. फटाके हे आमच्या धर्माचे अंग आहे, असे म्हणणाऱ्यास गोड्यांचा प्रबंध वाचावयास देऊन मी स्वस्थ बसेन. आमच्या लहानपणाचा आनंद तुम्ही हिरावून घेता, हे म्हणणे अधिक गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. लवंगी माळ सोडवून एकेक फटाका पुरवून पुरवून उडविण्यात जी काटकसरीची मौज होती ती मैदानात दूर उभे राहून मिळणार नाही. परंतु ती मौज ज्या अंगणात होती ते अंगण आता कोठे आहे? पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांच्या पेट्रोल टाक्यांमधून भुईचक्र सोडणाऱ्या मुलास आपण आपले अंगण देत नाही, आपण त्यास फक्त आपली आठवण देतो. तिसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा: वर्षभराचे भांडवल त्यांनी या पंधरा दिवसांत गुंतविलेले असते, आणि उल्हासनगरच्या व्यापाऱ्यास पोटापाण्याचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. त्यास मी धंदा सोडावयास सांगत नाही, गिऱ्हाईक बदलावयास सांगतो. हजार घरांनी हजार पिशव्या नेण्याऐवजी एका मैदानाची सारी दारू त्यानेच परवान्याने पुरवावी. जाणत्या कारागिरांची फळी त्यानेच शिवकाशीहून वा तासगावहून आणावी, आणि चांगला मोबदला घ्यावा.

जागा आहेत. उल्हासनगरात गोल मैदान आहे. ते चोहो बाजूंनी वस्तीने वेढलेले असल्यामुळे तेथे आकाशात जाणारे बाण न सोडता चंद्रज्योती, भुईनळे आणि दारूची झाडे एवढीच ठेवावीत. अंबरनाथेत शिलाहारांच्या शके ९८२ च्या शिवमंदिराभोवती महाशिवरात्रीस लाखोंची यात्रा भरते आणि पालिका व पोलीस तिचा बंदोबस्त दरवर्षी करतात. मंदिराचा हजार वर्षांचा पाषाण धुरापासून दूर ठेवून त्याच अनुभवाच्या बळावर गावाबाहेर एका रात्रीचा बंदोबस्त करणे त्यांस अशक्य नाही. बदलापुरास तर उल्हास नदीचा काठच आहे, आणि पाण्यावर पडणारे दारूकामाचे प्रतिबिंब ही दुप्पट मजा फुकटात मिळते. बलिप्रतिपदेची एक रात्र, आठ ते दहा, तिन्ही गावांत एकाच वेळी. खर्चाचा भाग म्हणाल तर प्रत्येक गृहनिर्माण संस्था दिवाळीत फटाक्यांसाठी जी वर्गणी काढते तिचा चौथा हिस्सा पुरे होईल, असा माझा अंदाज आहे. आणि ज्या उत्साही पुढाऱ्यांचे फलक दिवाळीत प्रत्येक खांबावर झळकतात, त्यांनी फलकांऐवजी उरलेली तूट भरून काढावी. मैदानात त्यांचे नाव ध्वनिक्षेपकावरून दोनदा पुकारण्यास माझी हरकत नाही.

कारभाराच्या दृष्टीनेही हे काम वाटते तितके किचकट नाही. महानगरपालिका एक आणि नगरपरिषदा दोन असल्या, तरी तिन्ही गावे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या एकाच परिमंडळात, म्हणजे उल्हासनगरच्या चौथ्या परिमंडळात, मोडतात. तेव्हा तीन ठिकाणचा बंदोबस्त एकाच उपायुक्ताच्या मेजावर ठरू शकतो. अर्ज मात्र नवरात्र बसण्यापूर्वी जावयास हवा. हंगामी दुकानांच्या परवान्यांचे अर्ज एकदा त्या मेजावर येऊन साचले की पुढे दिवाळीपर्यंत दुसरा कागद वाचावयास तेथे कोणास सवड होत नाही.